बारा दिवसांच्या मिशन ट्रिपबद्दल आपल्या पंच कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंच कमिटीतले सगळे भाऊ-बहिणी आणि तरुण संघाची मुलं,

जय ख्रिस्त.

मागच्या रविवारी उपासनेनंतर सूचना वाचल्या तेव्हा कळलं, की पुढच्या उन्हाळी सुट्टीत आपल्या मंडळीतून पंधरा तरुणांची टीम पूर्व आफ्रिकेला बारा दिवसांच्या मिशन ट्रिपवर पाठवायचं चाललंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या, मुलांचे चेहरे बघून छानच वाटलं. पण घरी आले आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कमिटीतल्या दोघातिघांशी फोनवर बोलले तर ते म्हणाले, ताई तुम्ही लिहूनच द्या, सगळ्यांना वाचता येईल. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय कारण असे प्लॅन आता बऱ्याच मंडळ्यांमध्ये होतायत.

बऱ्याच जणांना माहितीये, २००८ ते २०१९ मी टांझानियात होते, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला, म्वांझा शहरापासून बरंच आत, एका छोट्या मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून. अकरा वर्षं. परत आल्यावर आपल्या मंडळीत माझा सत्कार झाला, शाल दिली, दहा मिनिटं साक्ष द्यायला सांगितली. त्या दहा मिनिटांत मी हॉस्पिटलचं सांगितलं, बेड किती, बाळंतपणं किती, मलेरिया किती. जे खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं. ते आज सांगते, आणि त्यावरून जे मागणं आहे ते आधीच मांडते: पंधरा जण बारा दिवस पाठवू नका. एक जण पाठवा, फार तर दोघं, पण पाच-सात वर्षांसाठी पाठवा.

स्वाहिलीत एक म्हण आहे, म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे. म्हणजे पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. ती माणसं पाहुण्यासाठी जीव टाकतात हो, घरात एकच कोंबडी असेल तर ती कापतात, स्वतः उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पाला खातात. आपली पंधरा मुलं गेली तर बाराच्या बारा दिवस पाहुणीच राहणार. पाहुण्यासमोर कोणी रडत नाही, पाहुण्याला कोणी रागवत नाही, पाहुण्याची चूक कोणी काढत नाही. आणि माझा विश्वास जो काही वाढला तो रागावलेल्या, रडलेल्या आणि चुका काढलेल्या दिवसांतच वाढला, म्हणून मला हे इतकं लागतंय.

भाषेचं सांगते आधी, कारण सुरुवात तिथूनच झाली. मी लहानपणापासून आपल्या संडे स्कूलमधली, आजी मिशनच्या शाळेत शिकलेली, आमच्या घरात रोज संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना व्हायची. त्यामुळे प्रार्थना करायला सांगितलं की माझी गाडी सुरू, हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो, तुझ्या नावाचा महिमा वर्णितो, पाच मिनिटं कुठे अडखळायची नाही. लोक म्हणायचे हिला प्रार्थनेचं दान आहे. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळच्या डिव्होशनला, म्हणजे कामाआधीच्या प्रार्थनेला, मेट्रन म्हणाली आज नवीन सिस्टर प्रार्थना करेल, आणि स्वाहिलीत करेल, इंग्रजी इथल्या सगळ्यांना कळत नाही. मला तेव्हा मोजून वीस-पंचवीस शब्द येत होते. त्यातले अर्धे तर आपलेच होते, पेसा म्हणजे पैसा, गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, चाय, चपाती. त्या शब्दांत प्रार्थना कशी करणार. उभी राहिले, डोळे मिटले आणि तोंडातून आलं बाबा. स्वाहिलीतपण बापाला बाबाच म्हणतात. बाबा, असांते. बाबा, सैदिया. म्हणजे बाबा, थँक यू, बाबा, मदत कर. संपलं, आमेन. बसले खाली आणि हातपाय कापत होते. पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा मला कळलं की माझी आतापर्यंतची प्रार्थना पाठ होती. ती खोटी होती असं मी म्हणत नाही, पण त्या शब्दांच्या मागे मी कधी गेलेच नव्हते, जायची गरजच पडली नव्हती.

पहिली दोन वर्षं माझी प्रार्थना तेवढीच होती. रात्री एकटी असताना मराठीत करू शकले असते ना, पण गंमत अशी की मराठीत सुरू केलं की परत तीच रेकॉर्ड लागायची, म्हणून मी एकटी असतानाही स्वाहिलीतच करायचे. बाबा, आज ते बाळ. बाबा, मी दमले. एवढंच.

भाषेनेच एकदा मला चांगलं जमिनीवर आणलं, तेपण लिहिते. तिकडे वेळ आपल्यासारखी मोजत नाहीत. दिवस उजाडला की मोजणी सुरू, म्हणजे आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा एक. सा मोजा म्हणजे सकाळी सात, सा म्बिली म्हणजे आठ, आणि सा नाने, म्हणजे शब्दशः आठ, ते दुपारचे दोन. मला हे माहिती होतं, शिकवलं होतं, वहीत लिहिलं होतं. तरी एका संध्याकाळी ओपीडीच्या गर्दीत एका बाईला मी सांगितलं, उद्या सा नानेला लेकराला दुसऱ्या इंजेक्शनला घेऊन ये. मला म्हणायचं होतं सकाळी आठ. ती बिचारी बरोबर दुपारी दोनला आली, दोन तास चालत, पाठीवर पोर बांधलेलं. पोराला ताप इतका चढलेला की डोळे फिरवत होतं. मी तिच्यावर ओरडले, सकाळी का नाही आलीस म्हणून. ती काहीच बोलली नाही. शेजारचा वॉर्डबॉय हळूच म्हणाला, दादा, तू सा नाने म्हणालीस.

(तिकडे बहिणीला दादा म्हणतात, भावाला काका आणि आईला मामा. माझ्या मराठी कानांना सवय व्हायला वर्ष लागलं.)

पोर वाचलं, तीन दिवसांनी घरी गेलं, देवाची कृपा. पण मला सांगायचंय ते वेगळं. त्या दिवशी मी त्या बाईच्या पायाशी बसले आणि म्हणाले नीसामेहे, मला माफ कर, चूक माझी होती. तर तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, पोले, दादा. पोले हा शब्द आपल्याकडे नाहीच. कोणी ठेचकाळलं, कोणाचं माणूस गेलं, कोणी उन्हातून दमून आलं, कोणी नुसतं ओझं उचलताना दिसलं तरी पोले म्हणतात. तुझ्या त्रासाचं मला वाईट वाटतं, असं काहीसं. जिचं लेकरू माझ्या चुकीने मरता मरता वाचलं ती मलाच पोले म्हणत होती. क्षमा या विषयावर मी आपल्या महिला मंडळात चार वेळा बोललेय, वचनं काढून, मुद्दे काढून. मला क्षमा म्हणजे काय हे त्या दुपारी ओपीडीच्या सिमेंटच्या फरशीवर कळलं. आणि हे बाराव्या दिवशी झालेलं नाही, दुसऱ्या वर्षी झालं, कारण तोपर्यंत मला कोणी एकटीला ओपीडी सांभाळायलाच दिली नव्हती.

आता जरा आपल्या इतिहासाकडे येते, कारण कमिटीत काही जण म्हणतात की पूर्वीचा काळ वेगळा होता. वेगळा होताच. पण आपण ज्यांची नावं घेतो त्यांची वर्षं मोजा एकदा. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना नाशिककडच्या भागात कॉलऱ्याने गेले. तेरा वर्षं, आणि त्या तेरा वर्षांत ख्रिस्ताकडे आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. आजची कमिटी असती तर तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट बंद केला असता. त्यांनी मराठी शिकली, शाळा काढल्या, नव्या कराराचं मराठी भाषांतर करायला बसले. सिंथिया फेरार बाई १८२७ मध्ये आल्या, लग्न न केलेली एकटी बाई, त्या काळात, आणि १८६२ मध्ये आपल्या नगरलाच देह ठेवला. चौतीस वर्षं. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी बघितली होती आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. त्याहून मागे जायचं तर गोव्यातले फादर स्टीफन्स बघा, इंग्लंडचा माणूस, १५७९ मध्ये आला आणि त्याचं ख्रिस्तपुराण, ओव्यांमधली ख्रिस्ताची कथा, छापलं गेलं १६१६ मध्ये. सदतीस वर्षांनी! इतकी मराठी त्या माणसाच्या अंगात मुरायला इतकी वर्षं लागली असतील, आणि मला वाटतं, ज्या देवाबद्दल तो लिहीत होता तोही त्या भाषेतून त्याला नव्याने भेटला असणार. हे माझं मत, कोणी इतिहासवाला वेगळं सांगेल.

पण या सगळ्यांपेक्षा मला जे सापडलं ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे. सुट्टीत मी एकदा बागामोयोला गेले होते, दार एस सलामच्या उत्तरेला समुद्रकाठचं जुनं गाव, तिथून गुलामांना झांझिबारला न्यायचे. तिथे जुन्या कॅथलिक मिशनच्या आवारात एक टॉवर आहे. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचं शरीर इंग्लंडला जायच्या आधी तिथे ठेवलं होतं, १८७४ च्या फेब्रुवारीत. मी गाइडला सहज म्हणाले मी इंडियाची, तर तो म्हणाला मग तुम्हाला नासिक माहिती असेल. मी बघतच राहिले. मग त्याने सांगितलं आणि नंतर मी स्वतः वाचलं. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजांच्या आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणायचे आणि त्यातली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. लोहारकाम, सुतारकाम शिकली, वाचायला शिकली, मराठी त्यांच्या कानावर पडतच होती. लिव्हिंगस्टन १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून निघाला तेव्हा नाशिकची नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. पुढे १८७२ मध्ये आणखी गेली, त्यात जेकब वेनराइट. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन आत खोल, आजच्या झांबियात, वारला. त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं आणि दफनाची प्रार्थना वाचली ती आपल्या नाशिकच्या शाळेतल्या या जेकबने. मग ती सगळी माणसं ते शरीर घेऊन दीड हजार किलोमीटरहून जास्त चालली, कित्येक महिने, वाटेत आजारी पडली, काही मेली, आणि बागामोयोला पोचवलं. जेकब वेनराइट पुढे लंडनला त्याच्या दफनालाही होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं त्यातही मुंबई-नाशिकहून परत गेलेले आफ्रिकन ख्रिस्ती होतेच.

त्या टॉवरच्या सावलीत मी बसले तेव्हा मला सारखं एकच वाटत होतं की आपण महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक स्वतःला नेहमी घेणारे समजतो. गोरे आले, त्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, बंगले दिले, आणि आता आपण त्या बंगल्यांच्या कंपाउंडवरून भांडतो. इथून दीडशे वर्षांपूर्वी माणसं गेलीत. तीही ट्रिपला नाही गेली.

आता अवघड भाग. पाचव्या वर्षी माझा विश्वास जवळजवळ गेला होता. हे मी आजवर मंडळीत बोलले नाही, कारण मिशनरीने असं बोलायचं नसतं असं मला वाटायचं. त्या वर्षी पाऊस खूप झाला आणि मलेरियाची लाट आली, मुलांच्या वॉर्डात एका बेडवर तीन-तीन पोरं. रक्त नाही, रक्त द्यायला माणसं नाहीत. एका रात्रीत चार गेली. चौथीची आई ओरडूनसुद्धा रडली नाही, नुसती कांगा डोक्यावर ओढून बसली. कांगा म्हणजे तिकडच्या बायका गुंडाळतात ते छापील कापड. मी ड्यूटी संपवून खोलीत आले आणि म्हणाले, बाबा, आता तुझ्याशी बोलणार नाही. आणि नाही बोलले. किती महिने म्हणाल तर सात-आठ तरी. सकाळच्या डिव्होशनला जायचे कारण जावंच लागायचं, ओठ हलवायचे.

लॅबमध्ये एक म्हातारा असिस्टंट होता, म्झे म्हणायचे त्याला सगळे, म्हणजे आजोबा, वडीलधारे. त्याच्या लक्षात आलं. एके दिवशी चहाच्या वेळी म्हणाला, तू प्रार्थना करत नाहीस ना सध्या. मी मान खाली घातली. मला वाटलं आता प्रवचन ऐकवेल. तर म्हणाला, बरं, तू बस. आम्ही करतो. तुझ्या वाटचीपण करतो. तुला जमेल तेव्हा ये. झालं, चहा पिऊन निघून गेला.

मी त्या वाक्यावर अजून जगतेय म्हटलं तरी चालेल. तोपर्यंत मला वाटायचं विश्वास म्हणजे माझा, माझ्या छातीतला, मी सांभाळायचा आणि मी घालवला तर गेला. त्याने सांगितलं की तो सगळ्यांचा मिळून असतो, एक जण थकला की बाकीचे त्याचा भार उचलतात. आपण दर रविवारी मंडळी मंडळी म्हणतो, मला मंडळी म्हणजे काय ते त्या चहाच्या कपावर कळलं.

त्याच वर्षाच्या शेवटी माझी आई इथे नगरला गेली. फोन आला तेव्हा म्वांझाहून दार एस सलाम, तिथून मुंबई, कुठूनही हिशेब केला तरी मातीला पोचणं शक्य नव्हतं. मी हॉस्पिटलमध्ये कोणाला सांगितलंही नाही, नुसती रजा मागितली. पण संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीबाहेर चटया पडल्या होत्या. म्सिबा म्हणतात त्याला, सुतक म्हणा आपल्या भाषेत पण तसं नाही, तिथे लोक दूर जात नाहीत, येऊन बसतात. तीन दिवस बायका बसून होत्या, कोणी पीठ आणलं, कोणी लाकडं, कोणी सरोवरातली सुकी दागा मासळी. माझ्या खोलीसमोर तीन दगडांची चूल पेटवली. कोणी समजूत घातली नाही, देवाची इच्छा वगैरे म्हणाले नाहीत. रात्री गाणी म्हणायचे, हळू, तीन-तीन आवाजांत. तिसऱ्या दिवशी एका रुमालात बांधून त्यांनी रांबिरांबी दिली, दुखवट्याचे पैसे, सगळ्यांनी मिळून जमवलेले. पाचशे शिलिंगच्या मळकट नोटा आणि नाणी. ज्या बायकांच्या पोरांचे बिलाचे पैसे आम्ही माफ करायचो त्याच बायका. मी ते पैसे हातात घेऊन जी रडले, आणि रडताना तोंडातून आलं, बाबा. आठ महिन्यांनी.

कमिटीने हे समजून घ्यावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. मी तिथे देव घेऊन गेले नव्हते, तो तिथे होताच, तिथली मंडळी माझ्या आधीपासून होती आणि माझ्यानंतरही आहे. लोक इथे विचारतात, तुम्ही तिकडे किती जणांचं धर्मांतर केलं. एकाचंही नाही. आमच्याकडे मुसलमान पेशंट यायचे, चर्चला जाणारे यायचे, गावच्या वैद्याकडे जाणारे यायचे, सगळ्यांना तीच गोळी आणि तेच इंजेक्शन. मी सुया टोचल्या, चादरी बदलल्या, बाळंतपणं केली. आणि माझ्या आत जे झालं ते इतकं हळू झालं की मला स्वतःला परत आल्यावर लक्षात आलं. म्हणून म्हणते बारा दिवसांत ते होणार नाही. मुलं फोटो काढतील, अनाथाश्रमात बिस्किटं वाटतील, रडतील, परत येऊन साक्ष देतील, आणि ती साक्ष खरीच असेल, मुलं चांगली आहेत आपली. पण ती पाठ असलेल्या प्रार्थनेसारखी राहील, आणि पुढच्या वर्षी परत नवीन ट्रिप लागेल.

सगळ्यांचा विश्वास असा वाढतोच असंही नाही, हे मी लपवणार नाही. माझ्याबरोबर आलेली एक बहीण तिसऱ्या वर्षी परत गेली, मनाने पार मोडून, आणि तिला पाठवणाऱ्यांनी साधा फोनसुद्धा नियमित केला नव्हता. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट मात्र मागायचे, किती सभा, किती लोक, किती जणांनी ख्रिस्ताला स्वीकारायचा निर्णय घेतला. त्या रिपोर्टचा कागद भरताना ती रडायची, मी बघितलंय. म्हणून लांबच्या सेवेला पाठवायचं तर पाठवणाऱ्यांनापण लांबचं काम करावं लागतं. पहिलं पूर्ण वर्ष फक्त भाषा शिकू द्या, दुसरं काही मागू नका. आकडे मागू नका. दर आठवड्याला मंडळीतल्या एका घराने फोन करावा आणि फोनवर कामाचं विचारू नये, जेवलीस का ते विचारावं. पगार वेळेवर जावा. आईबाप म्हातारे असतील तर त्यांच्याकडे इथे लक्ष कोणी ठेवायचं ते आधी ठरवा, मुलगा किंवा मुलगी विमानात बसायच्या आधी. आणि ती परत येतील तेव्हा लगेच संडे स्कूलचं सुपरिंटेंडेंट करू नका. मला परत आल्यावर सहा महिने बाजारात माठाची जुडी बघितली तरी रडू यायचं, तिकडे तीच भाजी म्चिचा म्हणून रोज खायचो. असं माणूस थोडे दिवस शांत बसू दे.

परदेशच पाहिजे असा माझा हट्ट नाही. कोणी नंदुरबारकडच्या धडगावला जाऊन तिथल्या आदिवासींची पावरी भाषा शिकून सात वर्षं राहणार असेल तर त्याच्यासाठीपण मी हेच मागेन. पण ट्रिपसाठी जो फंड जमवायचा ठरलाय, त्यातून पंधरा विमान तिकिटं काढण्यापेक्षा एका माणसाची निदान दोन वर्षं निघतील, हिशेब मी करून ठेवलाय, खजिनदारसाहेबांना दाखवते.

आणि माणूस शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्या तरुण संघातली एक मुलगी, नाव नाही लिहीत, तिने अजून घरी सांगितलेलं नाही, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा कोर्स झालाय तिचा, दोन वर्षं आयसीयूला ड्यूटी करतेय. मागच्या महिन्यात माझ्याकडे आली आणि म्हणाली, ताई, बारा दिवसांनी माझं भागणार नाही. मी तिला माझी स्वाहिलीची जुनी वही दिली, पहिल्या पानावर तेच वीस-पंचवीस शब्द आहेत. ती आता दर मंगळवारी संध्याकाळी ड्यूटी संपवून येते, आम्ही तासभर बसतो. परवा तिला सा म्बिली आणि सा नाने यातला फरक शिकवला, तीन वेळा म्हणून घेतला.

येत्या कमिटीच्या मीटिंगला मला अर्धा तास द्यावा. मी तिच्या घरच्यांशी बोलून तिलाही घेऊन येईन.

तुमची बहीण,
मंडळीतली एक जुनी नर्स